पॅकेजवरच्या सहीची कुळकथा

पुण्यात विश्रांतवाडीतल्या घरी फेडोरा लिनक्स अपडेट करताना पॅकेजेस नेमकी कुठून उतरतात, हे आपण सहसा बघत नाही. मिरर, म्हणजे पॅकेजेसची प्रत ठेवणारा सर्व्हर, एखाद्या विद्यापीठाचा असतो, नाहीतर कंपनीचा. त्याच्यावर भरवसा ठेवावाही लागत नाही. प्रत्येक पॅकेजवर फेडोराची डिजिटल सही असते. आतला एक बाइट बदलला तरी ती जुळत नाही आणि पॅकेजेस बसवणारं साधन, डीएनएफ, ते पॅकेज बसवत नाही. मराठी अक्षरांचा ‘लोहित देवनागरी’ फॉन्ट फेडोराला पाठबळ देणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे सांभाळला. पण तो शेजारच्यांनी केलाय म्हणून त्याला सूट नाही. तोही सही तपासूनच आत येतो.

या सहीमागचं गणित १९७६-७७ चं, डिफी-हेलमन आणि रिव्हेस्ट-शामीर-एडलमन यांचं. गुप्त किल्लीने सही करायची, जाहीर किल्लीने कुणीही ती पडताळायची. १९९१ साली फिल झिमरमन यांनी पीजीपी लिहून ही सोय घरच्या संगणकावर आणली. पुढे वेर्नर कोख यांनी मुक्त जीपीजी दिलं. २००३ मध्ये फेडोरा सुरू झालं तेव्हा सही ही रुळलेली रीत होती.

किल्ली ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र २००८ च्या ऑगस्टमध्ये ऐरणीवर आला. फेडोराच्या एका व्यवस्थापकाची एसएसएच किल्ली, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर शिरण्याची किल्ली, पासफ्रेजविना (सांकेतिक वाक्याविना) ठेवलेली होती. ती चोरून कुणीतरी फेडोराच्या सर्व्हरांत शिरलं आणि सही करणाऱ्याचा पासफ्रेज टिपण्यासाठी बदललेली पॅकेजेस तिथे पेरली. सुदैवाने त्या दरम्यान कुणी सही केलीच नाही. त्याच सुमारास रेड हॅटच्या सर्व्हरांतही घुसखोरी झाली आणि तिथे मोजक्या ओपनएसएसएच पॅकेजेसवर अस्सल सही उमटलीसुद्धा. फेडोराने धोका पत्करला नाही: किल्ली बदलली, फेडोरा ८ आणि ९ च्या पॅकेजेसवर नव्याने सही केली आणि घडलेलं सगळं जाहीर केलं. हा उघडपणा मला त्या दुरुस्तीइतकाच मोलाचा वाटतो.

‘सिगुल’ ही सही-व्यवस्था त्याच काळातली. तिच्यात किल्ल्या वेगळ्या तिजोरी-सर्व्हरवर असतात. बाहेरून त्याच्याशी थेट जोडणी करता येत नाही. विनंती मधल्या पुलावर येते आणि तिजोरी स्वतः तिथून ती उचलते. सही करणाऱ्याला किल्ली कधी हातात मिळतच नाही.

मार्च २०२४ मध्ये सहीची मर्यादाही कळली. एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या छोट्या प्रकल्पात विश्वास कमावून सहदेखभालकर्ता झालेल्या कुणीतरी चोरवाट घातली होती. चोरवाट असलेली पॅकेजेस फेडोरा ४० च्या चाचणी-आवृत्तीपर्यंत पोचली, रीतसर सही होऊन. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून बिंग फुटलं. पॅकेज कुणी दिलं हे सही सांगते. आत काय आहे ते माणसानेच वाचावं लागतं.

अशी तपासणारी माणसं फेडोरात नेहमीच हवी असतात. नवं अपडेट सर्वांना जाण्याआधी ‘बोधी’ या व्यवस्थेत चाचणीला थांबतं आणि वापरून पाहणाऱ्यांच्या होकार-नकाराचा हिशेब तिथे होतो. फेडोरा वापरत असाल, तर एक जादा संगणक किंवा व्हर्च्युअल मशीन या चाचणीला द्या आणि जे दिसेल ते तिथे नोंदवा. नव्या आवृत्तीची किल्ली स्वीकारायची का, असं डीएनएफ विचारतं, तेव्हा ‘होय’ म्हणण्याआधी तिचा ठसा (फिंगरप्रिंट) फेडोराने जाहीर केलेल्या ठशाशी ताडून बघा.