मुंबई-कराची: बंद एका रात्रीत, सुरू व्हायला वर्षे

सातवीच्या वर्गात आशियाचा नकाशा शिकवत होतो. एका विद्यार्थिनीने हात वर केला. "सर, माझी नानी तिच्या बहिणीला भेटायला कराचीला गेली, तेव्हा दुबईवरून गेली होती. पण दुबई तर कराचीच्याही पलीकडे दिसते!" मोजपट्टी लावली. मुंबई ते कराची हवाई अंतर ९०० किलोमीटरच्या आत. दिल्लीसुद्धा त्याहून लांब. दुबईमार्गे मात्र हाच प्रवास ३००० किलोमीटरच्या वर जातो. असे का, हे सांगायला तास पुरला नाही, म्हणून इथे लिहितो.

या दोन शहरांचे नाते फाळणीपेक्षा जुने आहे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. पोटापाण्यासाठी कोकणातून कराची बंदरात गेलेले लोक तिथेच राहिले, फाळणीनंतर आणखी काही गेले. आजही कोकणातल्या अनेक मुस्लिम घरांत कुणाची फुफी, कुणाचे मामू कराचीत आहेत. आपल्या नागरी विमानसेवेचा पाळणाही याच वाटेवर हलला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी टपालाची पिशवी घेऊन कराचीहून उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे ते जुहूला उतरले.

देश दोन झाले तरी विमाने थांबली नव्हती. १९४८ मध्येच दोन्ही सरकारांनी हवाई सेवेचा करार केला. १९६५ च्या युद्धाने तो विस्कटला. ताश्कंद करारानंतर १९६६ मध्ये एकमेकांच्या आकाशातून उडण्याची मुभा तेवढी परत मिळाली. तीही टिकली नाही. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' हे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले. प्रवासी सुखरूप परतले, पण विमान जाळले गेले. ४ फेब्रुवारीला भारताने आपले आकाश पाकिस्तानी विमानांना बंद केले. पाकिस्तानच्या पश्चिम भागातून पूर्व भागात जायला विमानांना श्रीलंकेला वळसा घालावा लागू लागला. त्याच वर्षी युद्ध झाले आणि बांगलादेश जन्माला आला.

पुढचा भाग शाळेच्या पुस्तकात सहसा नसतो. १९७२ च्या सिमला करारात हवाई संपर्क पुन्हा सुरू करण्याचे ठरले, तरी चार वर्षे एकही विमान उडाले नाही. कारण गंगा प्रकरणानंतर पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे तक्रार घेऊन गेला होता. या संघटनेला तो अधिकारच नाही, म्हणून भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९७२ मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला, पण त्याने वाट मोकळी झाली नाही. ती झाली पत्राने. १९७६ च्या मार्चमध्ये भुट्टोंनी इंदिरा गांधींना पत्र लिहून तक्रार मागे घेण्याची तयारी दाखवली. इंदिराजींनी उत्तर दिले, की विमानांबरोबर रेल्वे आणि राजदूत यांचेही बोलू या. मे महिन्यात इस्लामाबादला समझोता झाला. जुलैमध्ये विमाने उडाली आणि समझोता एक्सप्रेसही धावली. कुणी जिंकले नाही, कुणी हरले नाही. १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी, जेआरडींनी पुन्हा एकदा एकट्याने कराची-मुंबई उड्डाण केले, तेही याच मोकळ्या वाटेने.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि १ जानेवारी २००२ पासून आकाश पुन्हा बंद. एप्रिल २००३ मध्ये श्रीनगरच्या सभेत वाजपेयींनी मैत्रीचा हात पुढे केला, त्यानंतर १ जानेवारी २००४ ला विमाने परतली. मुंबई-कराची सेवा २०१७ मध्ये थांबली. व्हिसाच मिळेना, तर विमानात बसणार कोण? २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने साडेचार महिने आकाश बंद ठेवले. त्यात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ निरपराध माणसे मारली गेली आणि दोन्ही आकाशे एकमेकांच्या विमानांना पुन्हा बंद झाली.

असा विषय माझ्यासारख्याने काढला की काही भुवया उंचावतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून स्पष्टच सांगतो. संसद, मुंबई, पुलवामा, पहलगाम इथे रक्त सांडणाऱ्यांना माफी नाही. त्यांना शिक्षा व्हावी, आणि त्यांना पोसणाऱ्यांना जाब विचारला जावा. पण ते मारेकरी तिकीट काढून, पासपोर्ट दाखवून, व्हिसाच्या रांगेत उभे राहून आले नव्हते. त्या रांगेत उभी असते ती नानी. विमान बंद झाले की मयतीला पोचणे राहते, निकाहला जाणे राहते.

वाट बंद करायला एक हुकूम पुरतो. उघडायला मात्र दर वेळी कुणीतरी आधी पत्र लिहावे लागले, हात पुढे करावा लागला. ते करणारे कमजोर नव्हते. बांगलादेशचे युद्ध जिंकलेल्या इंदिराजी त्यात होत्या, अणुचाचणी करणारे वाजपेयीही होते.

त्या मुलीला मी एवढेच म्हणालो, "बेटा, नकाशा बरोबर आहे. तुझी नानी लांबून गेली, कारण जवळची वाट बंद आहे." तिने विचारले, "मग उघडणार कधी?" नानीची बहीण आता ऐंशीच्या पुढे आहे.