कामाची वेळ कुणाच्या हातात?

१२ ऑगस्ट १९५७, सोमवार. सिन्नरच्या एका विडी कारखान्यात नोटीस लागली. तिच्यात दहा जणांची नावं होती. यांच्या विड्या खराब निघतात, म्हणून आजपासून यांचं काम बंद, असा मजकूर. त्यांतल्या एकाने त्या वर्षी ७० दिवस काम केलं होतं. फॅक्टरी कायद्याच्या हिशेबाने त्याची ४ दिवसांची पगारी रजा शिल्लक होती आणि तिचे पैसे त्याला मिळाले नव्हते. या ४ दिवसांपायी खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. ‘शंकर बाळाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो कायद्याच्या ग्रंथांत आजही सापडतो.

खालच्या कोर्टात मालक सुटला, मुंबई उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरलं आणि १९६१ साली दिल्लीत तो पुन्हा सुटला. कारण वाचून मी थबकलो. हा विडी वळणारा वाटेल तेव्हा कारखान्यात यायचा, वाटेल तेव्हा उठून जायचा. रजेसाठी कुणाला विचारावं लागत नसे. दहा दिवसांहून जास्त यायचं नसलं तर तेवढं कळवायचं. पैसे वळलेल्या विड्यांवर. म्हणून, न्यायालयाचं बहुमत म्हणालं, कायद्याच्या अर्थाने तो कामगारच नव्हे. न्या. सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं, पण ते अल्पमतात राहिलं. थोडंच आधी नागपूरच्या विडी कामगारांचा असाच खटला त्याच न्यायालयात आला होता. तिथेही यायची-जायची मोकळीक होती, फक्त दुपारनंतर येणाऱ्याला काम मिळत नसे. ते मात्र कामगार ठरले.

आज मनुष्यबळ विभागातली मंडळी ज्याला ‘फ्लेक्झिबल वर्किंग’ म्हणतात, त्याचा आपल्या नाशिक जिल्ह्यातला माग काढत गेलं की वाट अशी सिन्नरला येते. कंपनीला यातून फायदा काय, हा प्रश्न विडी कारखानदारांनी कधीच सोडवला होता. विडीला यंत्र लागत नाही. पान भिजवायचं, मापाला कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. मग शंभर माणसं एका छपराखाली कशाला बसवायची? पानं आणि तंबाखू घरी द्यायचा, विड्या मोजून घ्यायच्या. जागा कामगाराची, दिवाबत्ती कामगाराची. जी बाई चूल आणि लेकरं सोडून कारखान्यात येऊ शकत नव्हती, तिचे हातही मिळाले. छाट, म्हणजे नापास, निघालेल्या विड्यांचा तोटा पुन्हा तिच्याच पदरात. येवल्याच्या पैठणीची घडण याहून जुनी. माग विणकराच्या घरात, रेशीम आणि जर बहुतेकदा व्यापाऱ्याची, आणि एका पैठणीवर महिनोन्महिने घरादाराचे हात.

नाशिकरोडला मात्र उलटं घडलं. १९२५ साली सिक्युरिटी प्रेस आली, पाठोपाठ १९२८ला नोटांचा छापखाना. कागदाचा ताव न् ताव मोजून घ्यायचा. ते काम घरी नेण्यासारखं नव्हतंच. मग ओझरचा विमानांचा कारखाना, सातपूर-अंबडच्या वसाहती. कामाची पाळी चुकली की पगार कापला, पण त्याच पाळीबरोबर भविष्य निर्वाह निधी, रजा, कॅन्टीन आणि युनियन आली. एकाच जिल्ह्यात दोन पिढ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं: वेळ बांधलेली असेल तिथे हक्क, वेळ मोकळी असेल तिथे काहीच नाही. नोकरी म्हणजे पाळीचीच, हा नाशिककरांचा हट्ट त्यातून आला. मला तो अजिबात चुकीचा वाटत नाही.

ही गाठ सोडवायचा पहिला मोठा प्रयत्न १९६६ साली संसदेने केला. त्या वर्षीच्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्यालाही कामगार म्हटलं आणि २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. विडी मालक न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. योगायोग बघा, १९६७ साली जर्मनीत म्युनिकजवळच्या ओटोब्रुनला एका विमान कंपनीने कर्मचाऱ्यांना यायची-जायची वेळ निवडू दिली. सकाळच्या वाहतुकीत माणसं अडकत, त्यावरचा हा तोडगा. पुढे जगभर गेलेली ‘फ्लेक्सिटाइम’ ती हीच. पण तिथल्या माणसांचे हक्क आधीच पक्के होते. मोकळीक मिळाली ती त्यावर.

२०२० साली टाळेबंदीत पुण्या-बंगळुरूची किती तरी मुलं लॅपटॉप घेऊन नाशिकला आईवडिलांकडे परतली. काम पुन्हा घरात आलं, फक्त विड्यांच्या सुपाच्या जागी लॅपटॉपचा पडदा होता. त्यातला कंपनीचा नफा आता मोजलेला आहे. चीनच्या ट्रिप डॉट कॉमने १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. काहींना आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिलं. २०२४ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले: त्यांच्यातलं राजीनाम्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि कामाच्या दर्जात फरक पडला नाही. शिकवून तयार केलेला माणूस टिकला, नवा शोधायचा खर्च वाचला. सिन्नरच्या मालकाचा नफा न दिलेल्या पैशातून आला होता. हा आला टिकलेल्या माणसातून. दोन्हींना एकच नाव देणं मला मान्य नाही.

आपल्याकडे २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद केली, पण कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालकाशी तसं ठरलं तरच. ठरवणं अजून एका बाजूच्या मर्जीवर आहे. म्हणून सातपूर-अंबडच्या कंपन्यांना आणि इथल्या आयटीवाल्यांना एक विनंती: घरून काम, सोयीची वेळ जरूर द्या. ज्या कागदावर ती लिहाल, त्याच कागदावर रजा, भविष्य निर्वाह निधी आणि काम थांबवण्याआधीची मुदतही लिहा.