लॉकच्या राज्यशासनविषयक प्रबंधांचा लेखनकाल

जॉन लॉक (१६३२-१७०४) ह्या इंग्रज तत्त्ववेत्त्याच्या 'टू ट्रीटाइझेस ऑफ गव्हर्न्मेंट' ह्या ग्रंथाच्या प्रथमावृत्तीवर १६९० हे साल छापलेले असले, तरी तो १६८९ च्या अखेरीसच लंडनात विक्रीस आला होता. ग्रंथकर्त्याचे नाव त्यावर नाही. प्रस्तावनेत मात्र दोन गोष्टी नमूद आहेत. नूतन राजा तिसरा विल्यम ह्याच्या सिंहासनास ह्या लेखनाने बळकटी यावी, ही एक. आणि मूळ ग्रंथाचा मधला भाग, जो उरलेल्या सर्व मजकुराहून मोठा होता, तो नाहीसा झाला, ही दुसरी. पहिल्या विधानावर भिस्त ठेवून दीर्घकाळ असे मानले गेले की, १६८८ ची राज्यक्रांती घडून गेल्यावर तिच्या समर्थनार्थ हा ग्रंथ रचिला गेला. परंतु क्रांतीनंतर घाईने लिहिलेल्या ग्रंथाचा निम्म्याहून अधिक भाग छपाईपूर्वीच गहाळ व्हावा, हे जुन्या दप्तरांत वावरणाऱ्यास सहजी पटणारे नाही.

लॉकच्या खाजगी कागदपत्रांचा लव्हलेस संग्रह १९४७ साली ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने विकत घेतला, आणि ह्या प्रश्नास नवे साधन लाभले. केंब्रिजचे पीटर लॅस्लेट ह्यांनी टिपणवह्या, ग्रंथांच्या याद्या, लॉकने प्रतिपक्षाच्या कोणत्या आवृत्तीचे पृष्ठांक दिले आहेत, अशा बारीक पुराव्यांवरून १९५६ च्या निबंधात व १९६० च्या संशोधित आवृत्तीत असे दाखविले की, ग्रंथाचा मुख्य भाग १६७९ ते १६८१ च्या सुमाराचा असून १६८९ मध्ये त्यात केवळ भर पडली. पुढील अभ्यासकांनी हा काल एकदोन वर्षे मागेपुढे सरकविला. तथापि मुख्य भाग क्रांतीपूर्वीचा, हे बहुतेकांस मान्य आहे.

ह्या दहा वर्षांच्या फरकाने ग्रंथाचे स्वरूपच पालटते. तो प्रतिपक्ष म्हणजे सर रॉबर्ट फिल्मर. हा १६५३ साली वारला. त्याचा 'पॅट्रिआर्का' १६८० मध्ये छापून निघाला. आदामास संततीवर जो पितृाधिकार होता तोच राजांकडे आला, असे त्याचे मत. लॉकचे म्हणणे असे की, मनुष्यमात्र निसर्गतः स्वतंत्र व समान आहे. जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता ह्यांवरील हक्क राजाने दिलेले नव्हेत. राज्यसत्ता ही प्रजेच्या संमतीने सोपविलेली ठेव होय, आणि ठेवीचा घात झाल्यास ती प्रजेकडे परत येते. १६८९ मध्ये हे वाक्य नव्या दरबारास गोड वाटावे असे होते. १६८३ मध्ये ते फासास पुरेसे होते.

ही अतिशयोक्ती नव्हे. त्या वर्षी ॲल्जरनन सिडनी ह्याजवर राजद्रोहाचा खटला झाला. कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार हवे असता एकच मिळाला. तेव्हा फिल्मरच्या खंडनार्थ सिडनीने लिहिलेले अप्रकाशित बाड, जे त्याच्या घरी सापडले, तेच दुसऱ्या साक्षीच्या जागी धरण्यात आले. लिहिणे हीच कृती होय, असा न्यायाधीश जेफ्रीज ह्याचा निवाडा. डिसेंबरात सिडनीचा शिरच्छेद झाला. त्याच जुलैत ऑक्सफर्डच्या विद्यापीठाने राजविरोधी मते धिक्कारून ग्रंथ जाळले होते. लॉक त्या वर्षीच हॉलंडात निघून गेला, आणि मागे ठेवलेल्या कागदांपैकी न रुचतील ते जाळण्याची मुभा त्याने आपला मित्र एडवर्ड क्लार्क ह्यास पत्राने दिली. मधला भाग त्याच आगीत गेला असे सिद्ध करता येत नाही. पण तशा काळात बाड नष्ट होणे अस्वाभाविक नाही, एवढे खास. लॉकच्या कागदांत आढळणारे 'डी मॉर्बो गॅलिको', म्हणजे फ्रेंच रोग, हे ह्या ग्रंथाचेच गुप्त नाव असावे, हा लॅस्लेटचा तर्क चतुर खरा. परंतु लॉक वैद्य होता, आणि त्या रोगावरील वैद्यकग्रंथ त्याजपाशी असणे मुळीच नवल नव्हे. म्हणून त्यावर फार भार टाकू नये.

भीती क्रांतीनंतरही ओसरली नाही. १७०३ मध्ये लॉकने एका पत्रात मालमत्तेच्या विवेचनाकरिता ह्याच ग्रंथाची शिफारस केली, ती जणू परक्याचा ग्रंथ असावा अशी! कर्तृत्व त्याने कबूल केले ते १७०४ च्या मृत्युपत्राच्या पुरवणीत. मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. छपाईतील चुकांनी त्रासून त्याने एका मुद्रित प्रतीवर दुरुस्त्या करविल्या होत्या. त्यांतील काही त्याच्या हातच्या व काही त्याचा लेखक पिएर कोस्त ह्याच्या हातच्या आहेत. ही प्रत टॉमस हॉलिस ह्या ग्रंथसंग्राहकाने मिळवून १७६४ साली केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजास दिली. लॅस्लेटने आपली आवृत्ती तिच्याच आधारे सिद्ध केली.