भाताच्या चार चुडांमधील एक गोळी

आषाढात मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून नेरळ, कर्जतच्या परिसरातील भातखाचरे दिसतात. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या स्त्रिया दिसतात आणि लावणीनंतर काही दिवसांनी खाचरातून चालत मुठीमुठीने पांढरे दाणे फेकणारा शेतकरीही दिसतो. हे दाणे युरियाचे. प्रवाशाला हे दृश्य रम्य वाटते. मृदाशास्त्रज्ञाला मात्र त्या प्रत्येक मुठीतील निम्म्याहून अधिक नत्र वाया जाताना दिसते.

युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे पावणेएकवीस किलो नत्र शेतात येते. पाणी भरलेल्या खाचरात वरून फेकलेल्या युरियापैकी साधारण ३० ते ४० टक्के नत्रच भाताच्या पिकाला मिळते. उरलेले नत्र कोठे जाते, हा प्रश्न केवळ शेतकऱ्याच्या खिशाचा नाही.

युरिया पाण्यात पडताच विरघळतो. मातीतील युरिएज या विकराच्या क्रियेने त्याचे दोन-चार दिवसांत अमोनियात रूपांतर होते. दिवसा उन्हात खाचराच्या पाण्यातील शेवाळ कर्बवायू शोषून घेते, त्यामुळे पाण्याचा सामू वाढतो आणि अमोनिया वायुरूपाने उडून जातो. काही भाग मातीच्या वरच्या, प्राणवायू असलेल्या पातळ थरात नायट्रेट बनतो. हे नायट्रेट खाली झिरपून प्राणवायूविरहित थरात पोहोचले की जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू किंवा नायट्रस ऑक्साइड करून टाकतात. नायट्रस ऑक्साइडची वातावरण तापविण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे २७० पट आहे. त्यात कोकणातील पाऊस! एका रात्रीत बांध फुटून पाणी ओढ्याला गेले, तर आदल्या दिवशी टाकलेले खत त्याच वाटेने जाते. युरियाच्या दाण्यांना कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे २०१५ पासून सर्व उत्पादकांना बंधनकारक आहे. त्याने नायट्रेट बनण्याचा वेग मंदावतो. तथापि, दाणे वरच पडलेले असतात, ही मूळ अडचण कायम राहते.

या अडचणीवर ‘चारसूत्री भात लागवड’ या पद्धतीत तोडगा आहे. ही पद्धत डॉ. एन. के. सावंत या कृषिशास्त्रज्ञाच्या नावाशी निगडित आहे. कोकणातील अल्पभूधारक शेतकऱ्याला परवडेल आणि त्याच्या घरी-बांधावर जे आहे त्यातूनच साधेल, असा तिचा दृष्टिकोन आहे.

पहिले सूत्र भाताच्या अवशेषांचा फेरवापर. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळसर राख मिसळायची. या राखेत सिलिका भरपूर असल्याने रोपे कणखर होतात. हेक्टरी सुमारे २ टन पेंढा नांगरणीच्या वेळी जमिनीत गाडायचा, म्हणजे पालाश परत मिळते. दुसरे सूत्र गिरिपुष्पाचा, म्हणजे कोकणात ज्याला उंदीरमारी म्हणतात त्या झाडाचा, हिरवा पाला. हेक्टरी सुमारे ३ टन पाला लावणीपूर्वी आठवडाभर आधी खाचरात पसरला की १० ते १५ किलो नत्र फुकट मिळते. हे झाड बांधावर फांदी खोचली तरी जगते.

तिसऱ्या व चौथ्या सूत्रांचा विचार एकत्रच करावा लागतो. लावणी दोरीवर करायची. दोरीवर आळीपाळीने १५ व २५ सेंटिमीटरवर खुणा असतात. प्रत्येक खुणेजवळ दोन-तीन रोपांचा एक चूड लावला आणि ओळींतील अंतरही तसेच आळीपाळीने ठेवले, की चार-चार चुडांचे १५ सेंटिमीटर बाजूचे चौकोन तयार होतात. लावणीच्याच दिवशी अशा प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी युरिया व डीएपी ६०:४० या प्रमाणात एकत्र दाबून केलेली २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. त्या खोलीवर प्राणवायू नसतो. त्यामुळे अमोनियम नायट्रेटमध्ये बदलत नाही, चिकणमातीच्या कणांना धरून राहते आणि चारही चुडांची मुळे आपापल्या बाजूने त्या गोळीपर्यंत पोहोचतात.

हिशेब सोपा आहे. एका चौकोनाच्या वाट्याला ४० बाय ४० सेंटिमीटर जागा येते, म्हणजे हेक्टरी ६२,५०० गोळ्या. त्यांचे वजन भरते १६९ किलो आणि त्यातून सुमारे ५९ किलो नत्र व ३१ किलो स्फुरद मिळते. सुधारित भातजातींसाठी राज्यात हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस रूढ आहे. पाल्यातील नत्र धरूनही बचत लक्षणीय ठरते. गुंठ्याचा विचार केला तर ६२५ गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोला थोडे कमी खत. शिवाय पिकाला नत्र एकदम न मिळता हळूहळू मिळत असल्याने फुटवे सावकाश वाढतात. भात नुसता हिरवागार होऊन नंतर लोळण्याचा, करपा व तुडतुड्यांना आमंत्रण देण्याचा धोकाही कमी होतो.

हेच तत्त्व बांगलादेशात ‘गुटी युरिया’ या नावाने मोठ्या क्षेत्रावर पोहोचले. महाराष्ट्रात मात्र पद्धतीची माहिती बरीच पसरली, वापर त्या मानाने झाला नाही. याचे पहिले कारण मजुरी. ज्या आठवड्यात गावात लावणीलाच माणसे मिळत नाहीत, त्याच आठवड्यात पुन्हा वाकून हेक्टरी ६२,५०० गोळ्या हाताने खोचायच्या आहेत. एखाद-दुसरा एकर असलेले कुटुंब हे काम घरच्या घरी उरकते. मजुरांवर विसंबणाऱ्याला ते परवडत नाही. गोळ्या खोचण्याची हातयंत्रे निघाली, पण चिखलात ती तुंबतात, ही तक्रार असते. हलक्या, पाणी झपाट्याने झिरपणाऱ्या जमिनीत गोळीचा लाभही घटतो.

दुसरे कारण युरियाच्या किमतीत आहे. ४५ किलोच्या गोणीचा सरकारी दर २०१८ पासून २४२ रुपये राहिला आहे. लेपाचा आकार व कर वेगळे. एप्रिल २०१० पासून स्फुरद व पालाशयुक्त खते पोषणद्रव्याधारित अनुदानाखाली आली, त्यांचे भाव वाढले. युरिया त्या योजनेबाहेर ठेवला गेला. इतक्या स्वस्त वस्तूची बचत करण्यासाठी पावसात कंबर मोडून घ्यावी, असे शेतकऱ्याला का वाटावे? त्याने एक गोणी जास्त टाकली तर त्याचा तोटा अडीच-तीनशे रुपयांचा असतो. खोचणीच्या मजुरीपुढे ही रक्कम काहीच नाही. ती गोणी बनविण्यासाठी लागणारा नैसर्गिक वायू आणि सरकारी तिजोरीतून दिलेले अनुदान त्याच्या हिशेबात कोठेच येत नाही.

तरीही ज्यांची भातशेती गुंठ्यांत मोजली जाते, त्यांच्यासाठी ही पद्धत आजही व्यवहार्य आहे. तयार गोळ्या मिळाल्या नाहीत, तर त्या दाबण्याचे यंत्र गटाने विकत घेता येते. मात्र युरिया दमट हवेत पाणी ओढतो, तेव्हा गोळ्या पावसाळा सुरू होण्याआधी तयार करून हवाबंद पिशवीत ठेवाव्या लागतात.