दहा अंतिम सामने हरलेला क्लब आणि डोक्याला बसलेला हादरा

गेल्या पावसाळ्यात कबड्डी खेळणारा एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे आला होता. आदल्या संध्याकाळी पकड करताना त्याचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळलं होतं. दोन मिनिटं बाहेर बसून तो पुन्हा खेळला आणि संघ जिंकला. "सर, मी एकदम ठीक आहे, आईनेच ओढून आणलं," तो म्हणाला. मी विचारलं, "शेवटची चढाई कोणी केली?" त्याने खूप आठवून पाहिलं. शेवटची चढाई त्यानेच केली होती, पण त्याला ती आठवत नव्हती.

त्या दिवशी मला फ्रान्समधल्या एका रग्बी क्लबची गोष्ट आठवली. ती आज तुम्हाला सांगतो. गोष्ट खेळाची आहे, पण दुचाकीवरून पडलेल्या किंवा न्हाणीघरात घसरलेल्या कोणालाही ती लागू पडते.

टायरच्या कारखान्यातला क्लब

मिशेलिन हे नाव तुम्ही गाडीच्या टायरवर वाचलं असेल. ही कंपनी मध्य फ्रान्समधल्या क्लेर्माँ-फेराँ या गावची. आजूबाजूला विझलेले ज्वालामुखी आणि मधोमध काळ्या दगडाचं कॅथेड्रल असं हे गाव आहे. 1911 मध्ये कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या आंद्रे मिशेलिन यांचा मुलगा मार्सेल याने कामगारांसाठी क्रीडा मंडळ सुरू केलं. कंपनी कामगारांसाठी घरं, शाळा आणि दवाखाने चालवत होतीच. त्यातच हे मंडळ आलं. विचार सरळ होता. दिवसभर रबराच्या वासात राबणाऱ्या माणसाने मोकळ्या हवेत खेळावं आणि तब्येत राखावी.

पुढे नावातून कंपनी गेली आणि मोंफेराँ या जुन्या वस्तीचं नाव आलं. आज हा क्लब ए.एस.एम. क्लेर्माँ ओव्हेर्न म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात मार्सेल मिशेलिन जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत होता. तो पकडला गेला आणि 1945 मध्ये नाझींच्या छळछावणीत मरण पावला. क्लबच्या मैदानाला आजही त्याचंच नाव आहे.

दहा वेळा हातातोंडाशी आलेला घास

रग्बीत पंधरा-पंधरा खेळाडू 80 मिनिटं एकमेकांना अंगाने अडवतात, पाडतात आणि लांबट चेंडू पुढे नेतात. फ्रेंच अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात क्लेर्माँ पहिल्यांदा पोहोचलं 1936 मध्ये, आणि हरलं. 1937 मध्ये पुन्हा हरलं. मग 1970, 1978, 1994, 1999 आणि 2001. पुढे 2007, 2008 आणि 2009 अशी सलग तीन वर्षं. दहा अंतिम सामने आणि दहाही पराभव.

विचार करा, आजोबांनी पराभव पाहिला, वडिलांनी पाहिला, नातवानेही पाहिला. अखेर 2010 मध्ये पर्पिन्याँचा 19-6 असा पराभव करून क्लेर्माँने अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा क्लबला 99 वर्षं झाली होती. गावातला मुख्य चौक पिवळ्या-निळ्या रंगाने भरून गेला.

पण युरोपचा मोठा चषक हुलकावणी देतच राहिला. 2013 च्या अंतिम सामन्यात तुलाँकडून फक्त एका गुणाने, 16-15 असा पराभव झाला. दोन वर्षांनी तोच प्रतिस्पर्धी पुन्हा अंतिम सामन्यात समोर आला. अख्खं गाव श्वास रोखून बसलेलं असताना खेळाडूच्या डोक्याला मार लागला, तर तो "मला बाहेर काढा" म्हणेल का?

2 मे 2015

जेमी कडमोर हा कॅनडाचा धिप्पाड खेळाडू क्लेर्माँकडून खेळत असे. त्या वर्षी सॅरासेन्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याच्या डोक्याला जोराचा मार लागला. दोन आठवड्यांनी, 2 मे रोजी, लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर तुलाँविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो उतरला. तिथे त्याचं डोकं पुन्हा आदळलं. तो बाहेर गेला, परत आला आणि पुन्हा मार खाल्ला. ड्रेसिंग रूममध्ये आपल्याला उलट्या झाल्या, असं त्याने नंतर जाहीरपणे सांगितलं. सामना क्लेर्माँ 24-18 असा हरलं. पुढे कडमोरने आपल्या उपचारांवरून क्लबविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि खेळाडूंमध्ये या विषयाची जागृती सुरू केली. न्यायनिवाडा न्यायालयाचं काम आहे. डॉक्टर म्हणून माझं लक्ष जातं ते "परत आला" या दोन शब्दांकडे.

त्याच सामन्यात तुलाँकडून न्यूझीलंडचा कार्ल हेमन खेळला होता. तो जिंकला. 2021 मध्ये त्याने जाहीर केलं की वयाच्या 41 व्या वर्षी त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे. एका सामन्याने हे होत नाही. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या लहानमोठ्या हादऱ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो.

डोक्यात नेमकं काय होतं?

आपला मेंदू घट्ट बसवलेला नसतो. तो मऊ असतो आणि कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं एकदम थांबलं किंवा गर्रकन वळलं की मेंदू आत हलतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात. पेशींच्या आतबाहेर असलेल्या क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते, पण नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडू शकतो. यालाच आम्ही कन्कशन म्हणतो.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. बहुतेक कन्कशनमध्ये माणूस शुद्धीवरच असतो.

दुसरी, सी.टी. स्कॅन नॉर्मल येऊ शकतो. स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसतं, पेशींचा बिघडलेला तोल दिसत नाही.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर नुकसान जास्त होतं. क्वचित, विशेषतः तरुणांमध्ये, मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीवही जातो.

आणखी एक अडचण आहे. "मी ठीक आहे" हे ठरवणारा अवयवच इथे जखमी झालेला असतो. म्हणून खेळाडूच्या शब्दावर निर्णय सोडता येत नाही. इतर दुखण्यांत मी पेशंटचं म्हणणं आधी ऐकतो. इथे मात्र सोबत आलेल्याला आधी विचारतो.

शहाणपण उशिरा आलं

हे ज्ञान नवं नाही. 1928 मध्येच अमेरिकेतल्या डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर होणारे परिणाम लिहून ठेवले होते. फ्रेंच रग्बीनेही मैदानावरचे मृत्यू पाहिले होते. 1930 च्या उपांत्य सामन्यात आजाँ संघाचा 18 वर्षांचा मिशेल प्रादिए प्रतिस्पर्ध्याने अडवल्यावर झालेल्या दुखापतीने गेला. पण "मर्दानी खेळ आहे, चालायचंच" ही वृत्ती टिकून राहिली.

2012 मध्ये झुरिकला झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने स्पष्ट सांगितलं की कन्कशनचं निदान झालेल्या खेळाडूला त्याच दिवशी पुन्हा उतरवू नये. त्याच वर्षी रग्बीत मैदानाशेजारी 5 मिनिटांची तपासणी सुरू झाली. पुढे ती 10 मिनिटांची झाली. नियम होता, तरी 2015 चा तो सामना घडला. नियमाआड गर्दी, चषक आणि खुद्द खेळाडूची जिद्द उभी असते.

जानेवारी 2018 मध्ये क्लेर्माँचाच 18 वर्षांचा सॅम्युएल एझेआला आपल्या पहिल्याच लीग सामन्यात एका धिप्पाड खेळाडूला अडवताना बेशुद्ध पडला. त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. सुदैवाने तो बरा होऊन पुन्हा खेळला. क्लेर्माँमधलेच न्यूरोसर्जन प्राध्यापक झाँ शझाल त्या काळात जाहीरपणे इशारे देत होते की खेळाडूंची शरीरं अवजड झाली आहेत आणि टक्कर जीवघेणी होते आहे. त्याच वर्षी फ्रान्समध्ये काही तरुण रग्बी खेळाडूंचे मृत्यू झाले. मग 2019 मध्ये तिथल्या हौशी रग्बीत कमरेच्या वर अडवायला बंदी आली. पंचांच्या हाती निळं कार्डही आहे. कन्कशनचा संशय आला की ते दाखवायचं आणि खेळाडूने बाहेर जायचं. त्यात शिक्षा काहीच नाही.

तुमच्या घरासाठी

आपल्या मैदानावर निळं कार्ड नाही. ते काम तुम्हाला करायचं आहे.

डोक्याला मार लागल्यावर गोंधळ, विसरणं, डोकेदुखी, चक्कर, मळमळ, अंधुक दिसणं किंवा तोल जाणं यापैकी काहीही झालं, तर त्या दिवशी खेळ बंद. गाडी चालवणं आणि दारू हेही बंद. पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्या, मोबाईल कमी बघा. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको. तपासणीत धोका नसेल तर पेशंटला झोपू द्या. "झोपूच द्यायचं नाही" हा गैरसमज आहे. मात्र जवळ कोणीतरी हवं. पुढे आधी अभ्यास किंवा काम, मग चालणं, पळणं, सराव आणि सगळ्यात शेवटी सामना, असं पायरीपायरीने जा.

ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं ते केव्हा? वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, जागं न होणं, फिट येणं, हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं, दोन बाहुल्यांचा आकार वेगळा दिसणं, नाक-कानातून पाणी किंवा रक्त येणं. घरातलं माणूस वयस्कर असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर काहीही लक्षण नसलं तरी दाखवा.

त्या कबड्डीपटूला मी काही आठवडे खेळू दिलं नाही. पुढची फेरी हुकली म्हणून तो माझ्यावर नाराज होता, त्याची आई नव्हती. क्लेर्माँने दहा पराभवांनंतर अकराव्या अंतिम सामन्यात चषक उचलला. स्पर्धा पुन्हा येते, म्हणून थांबायला हरकत नाही. मेंदू मात्र एकच असतो.