जाहिरात आणि प्रेक्षकांची चित्रपटस्मृती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
जाहिरातीचा इतिहास सामान्यतः उत्पादक, वस्तू आणि माध्यम यांच्या अंगाने लिहिला जातो. जाहिरात पाहणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक होते, हा प्रश्न त्यात मागे पडतो. प्रस्तुत लेखात मुंबईच्या चित्रपटसृष्टीशी निगडित तीन उदाहरणांतून त्याचा विचार केला आहे.

चेहऱ्याचा आधार :
१९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. लक्सच्या जाहिरातीतील त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री मानल्या जातात. मराठी रंगभूमीवरून आलेल्या या अभिनेत्रीला बॉम्बे टॉकीजच्या 'कंगन' (१९३९) व 'बंधन' (१९४०) या चित्रपटांनी कीर्ती मिळवून दिली होती. तथापि, येथे आधार होता तो नटीच्या नावलौकिकाचा. तिचा चित्रपट न पाहिलेल्यालाही सौंदर्य आणि साबण यांचा संबंध उमगत असे.

पात्राचा आधार :
'शोले' (१९७५) नंतर हे चित्र पालटले. ब्रिटानिया ग्लुकोज-डी बिस्किटांच्या जाहिरातीत अमजद खान गब्बरसिंगच्याच वेषात अवतरले. ज्याच्या नावाचा धाक मुलांना घातला जातो, त्यानेच मुलांच्या खाऊला पसंती द्यावी, या विसंगतीत तिची गंमत होती आणि ती कळण्यासाठी 'शोले' ठाऊक असणे अनिवार्य होते. खलनायकाच्या तोंडून वस्तू विकण्याचे धाडस शक्य झाले, कारण मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात हा चित्रपट ५ वर्षे चालला आणि त्याच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिकाही खपल्या. चित्रपट न पाहिलेल्यांच्या कानांवरही गब्बर पोहोचला होता.

शब्दाचा आधार :
१९६० च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या अमूल लोण्याच्या फलकांनी पुढे चित्रपटांची नावे व संवाद किंचित फिरवून वापरले. येथे नटाचीही गरज उरली नाही. मूळ शब्द पाहणाऱ्यानेच आठवायचा असतो.

समारोप :
चेहरा, पात्र आणि शब्द या क्रमाने जाहिरातीने स्वतः सांगायचे कमी केले आणि प्रेक्षकाच्या स्मृतीवर अधिक सोपविले. ही स्मृती प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे मोजून कमावलेली असते. तिचा लाभ मात्र विक्रेत्याला होतो. शिवाय, ज्याला संदर्भ ठाऊक नाही, तो या संवादातून वगळला जातो. म्हणूनच अशी जाहिरात हे इतिहासाचे उपयुक्त साधन ठरते. एखाद्या काळी 'सर्वांना ठाऊकच आहे' असे काय गृहीत धरले जात होते आणि त्या 'सर्वां'त कोणाची गणना नव्हती, या दोन्ही गोष्टींचा माग तिच्यातून लागू शकतो.