नीलम : रत्नाची ओळख, समजुती आणि खरेदीतली खबरदारी

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेताना आपण आधी दात बघतो, चालवून बघतो, मगच पैसे मोजतो. अंगठीतला नीलम मात्र बरेच जण नुसत्या शब्दावर घेतात. धंद्यात खोट आली, घरात दुखणं आलं की कुणीतरी 'नीलम घाला' म्हणतं आणि उसनवारी करून खडा घेतला जातो. म्हणून या रत्नाची नीट माहिती आम्ही इथे देत आहोत.

नीलम म्हणजे काय?

नीलम हा कुरुंद या खनिजाचा प्रकार, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचं संयुग. त्यात लोह आणि टायटॅनियमचा किंचित अंश असला की निळा रंग येतो. क्रोमियम असलं की तेच खनिज लाल माणिक होतं. अरबीत माणकाला याकूत आणि नीलमला याकूत अजरक, म्हणजे निळा याकूत म्हणतात. सूरह रहमानमध्ये याकूत आणि मरजान यांचा उल्लेख आहे. मोह्जच्या पट्टीवर नीलमचा कठीणपणा 9 आहे, हिऱ्याचा 10. तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा तो सुमारे चौपट जड असतो.

काश्मीरच्या पाडर भागात 1881 च्या सुमारास सापडलेला नीलम जगात नावाजला. आज श्रीलंका, मादागास्कर, म्यानमार इथून माल येतो. आपल्या नगर जिल्ह्यातला काळा पाषाण लाव्हारसाचा. दख्खनच्या या खडकात अकीक, गारगोटी मिळते, नीलम बाहेरूनच येतो.

समजुती

ज्योतिषात नीलम हे शनीचं रत्न. तो 'लागतो' किंवा 'बाधतो', म्हणून आधी उशाखाली ठेवून बघावा, असं सांगतात. खड्याने नशीब बदलतं याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. आपल्या दीनमध्येही नफा-नुकसान अल्लाहच्या हाती आहे. हजरत उमर (रजि.) यांनी हजरे-अस्वदबद्दलही तो स्वतः नफा-नुकसान करू शकत नाही, असंच सांगितलं. शोभेसाठी अंगठी घालायला मात्र हरकत नाही. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची अंगठी चांदीची होती आणि तिचा खडा हबशी होता, अशी हदीस आहे. पुरुषांना सोन्याची अंगठी मना आहे.

उपयोग

दागिन्यांशिवाय घड्याळाची न चरणारी काच आणि एलईडी दिव्यांचे भाग यांसाठी कृत्रिम नीलम वापरतात. व्हर्नॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1902 मध्ये भट्टीत असे खडे बनवण्याची रीत जाहीर केली. हे खडे घटकांनी अस्सलच, पण किमतीने फार स्वस्त.

घेताना काय बघावं?

नुसत्या डोळ्यांनी खाणीतला आणि भट्टीतला खडा ओळखता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. मुंबई, जयपूरला अशी तपासणी होते. खडा नैसर्गिक आहे का, तापवून रंग वाढवला आहे का, भेगांत काच भरली आहे का, हे त्यात लिहिलेलं असावं. वजन कॅरेटमध्ये लिहून घ्या. 1 कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम. रत्तीचं माप दुकानागणिक बदलतं. पक्कं बिल आणि परतीची अट लेखी घ्या.

हनफी मतानुसार वापरातल्या खड्यावर जकात नाही. विक्रीचा माल असेल तर आहे. अंगठीतलं सोनं-चांदी मात्र हिशेबात धरावं. आणि दुखण्यासाठी पैसा काढायचाच असेल, तर तो आधी डॉक्टर आणि औषधाला जाऊ द्या. खडा हौसेचा आहे, हौसेपुरताच घ्यावा.